राखलेले रान

सेरेंगेटीचे वर्णन माहितीपटांतून, टूर कंपन्यांच्या रंगीत पत्रकांतून आणि तिथे जाऊन आलेल्यांच्या तोंडून पुन्हापुन्हा कानावर येते. त्या सगळ्याचा गाभा एकच असतो: माणसाचा हात न लागलेले, सृष्टीच्या आरंभी होते तसेच उरलेले रान. मुंबईहून विमानात बसायचे, सहाएक तासांत नैरोबीला उतरायचे आणि एक-दोन दिवसांत छप्पर उघडणाऱ्या गाडीतून थेट आदिम काळात शिरायचे, असा हा सौदा आहे. तो अगदीच खोटा नाही. तिथे जे दिसते ते पृथ्वीवर आता दुसरीकडे फारसे दिसत नाही. चूक आहे ती त्या दृश्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत. टांझानियातले सेरेंगेटी आणि त्याला उत्तरेकडून लागून असलेले केनियातले मसाई मारा हे गुरांनी, वणव्यांनी, एका भयंकर साथीने, एका लसीने, काही करारांनी आणि आता पर्यटकांच्या पैशाने घडवलेले, मोडलेले आणि पुन्हा घडवलेले रान आहे. त्याला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. तो बाजूला ठेवून सफारी केली तर प्राणी दिसतात, पण ते तिथे का आहेत, इतके का आहेत आणि उद्या असतील का, हे प्रश्न पडतच नाहीत. पुढच्या पानांत प्राणी आहेत, ऋतू आहेत, रस्ते आणि मुक्कामही आहेत. त्याआधी या इतिहासाची बाजू मांडायला हवी, कारण बाकीच्या सगळ्या माहितीला अर्थ तिच्यामुळे येतो.

निसर्गाचा वाटा आधी मोजून घेऊ, नाहीतर सगळे माणसानेच केले असा दुसऱ्या टोकाचा आग्रह धरला जाईल. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. माराचे राखीव क्षेत्र त्याच्या जेमतेम एक दशांश, सुमारे १,५०० चौरस किलोमीटर. आग्नेयेला न्गोरोंगोरोचे ज्वालामुखी डोंगर आहेत. त्यांच्या पर्जन्यछायेतल्या मैदानांवर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वायव्येकडे व उत्तरेकडे जावे तसा तो वाढत जाऊन दुपटीला पोहोचतो. गवताचा कस मात्र उलट दिशेने चालतो. आग्नेयेच्या मैदानांवर ज्वालामुखींची राख साचलेली आहे. ओल्डोन्यो लेंगाई हा त्यांतला एक अजूनही जागा आहे. या राखेमुळे तिथले आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते. त्याच राखेचा घट्ट थर जमिनीखाली बसल्यामुळे झाडांची मुळे खोल जात नाहीत आणि मैदान उघडे राहते. म्हणजे सकस चारा एकीकडे आणि भरवशाचे पाणी दुसरीकडे. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट, दोनेक लाख झेब्रे आणि लाखो गॅझेल वर्षभर जी फेरी मारतात तिचे मूळ या विसंगतीत आहे. डिसेंबर ते मार्च दक्षिणेच्या राखेच्या मैदानांवर, फेब्रुवारीच्या आसपास थोड्या आठवड्यांत लाखो वासरांचा जन्म, पाऊस सरला की पश्चिमेकडून उत्तरेला, जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही काठांना, आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परत. ही फेरी कोणा सरकारने आखलेली नाही.

पण माणूस या चित्रात उशिरा आलेला पाहुणा नाही. न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातल्या लाएटोली येथे राखेत उमटलेली दोन पायांवर चालणाऱ्यांची पावले सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि तिथून जवळच ओल्डुवाईच्या घळीत संशोधक लीकी दांपत्याने आपल्या पूर्वजांची हाडे आणि दगडी हत्यारे उकरून काढली. हत्ती, गेंडा, सिंह, म्हैस हे सारे प्राणी माणूस माणूस होत असताना त्याच्या शेजारीच वाढले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले बहुतेक महाकाय प्राणी माणूस तिथे पोहोचल्यानंतर नाहीसे झाले, आफ्रिकेत मात्र बरेच टिकले. त्याचे एक संभाव्य कारण असे दिले जाते की या प्राण्यांना या शिकाऱ्याची सवय व्हायला लाखो वर्षे मिळाली. निर्मनुष्य सेरेंगेटी अशी स्थिती अलीकडच्या दशकांपूर्वी कधी होती का, याचे उत्तर पुरातत्त्व ‘नाही’ असेच देते.

गुरे घेऊन फिरणारी माणसे या गवतावर तीन हजार वर्षांपासून आहेत, आणि त्यांनी केवळ गवत खाल्ले असेही नाही. माराच्या भोवतालच्या नारोक परिसरात प्राचीन पशुपालकांच्या वस्त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी जिथे गुरांचे वाडगे होते, तिथल्या मातीत शेणाने आणलेली पोषकद्रव्ये आजही आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त आहेत. तिथे हिरवे, सकस गवत उगवते, त्या गवतावर रानटी चरणारे प्राणी जमतात, आणि त्यांच्या शेणाने तो तुकडा आणखी सकस होत जातो. वाडगे उठून गेले, राज्ये बदलली, पण हिरवळीचे ठिपके राहिले. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला जुने गवत पेटवण्याची पशुपालकांची रीतही अशीच. वणव्याने झुडपे मागे हटतात, गोचीड कमी होतात, नवे कोंब फुटतात. ज्याला प्रवासी नैसर्गिक माळ म्हणून पाहतो, त्याच्या कितीतरी भागाला असे कोणाच्या तरी हाताने वळण लागलेले आहे. या सहवासात भोळा सलोखा नव्हता, हिशेब होता. विल्डबीस्टच्या नवजात वासरांकडून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, म्हणून वासरांच्या दिवसांत मसाई आपली गुरे राखेच्या मैदानांवरून काढून डोंगराकडे नेत. उत्तम चारा समोर असताना तो सोडून देणे हे त्या हिशेबाचे मोल होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा सारा डाव एका रोगाने उधळला. महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना बुळकांडी हे नाव माहीत आहे. गावेच्या गावे बैलांवाचून बसवणारी ती साथ. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी तांबड्या समुद्राच्या काठी, आजच्या इरिट्रियात, आणलेल्या गुरांबरोबर ती आफ्रिकेच्या शिंगात शिरली, आणि ही गुरे हिंदुस्थानातली होती असे बहुतेक इतिहासकार मानतात. तिथल्या जनावरांनी हा विषाणू कधी पाहिलेला नव्हता. दोन-चार वर्षांत साथ पूर्व आफ्रिका ओलांडून गेली आणि १८९६-९७ पर्यंत खंडाच्या दक्षिण टोकाला भिडली. नव्वद टक्के आणि त्याहून जास्त गुरे मेली. म्हशी, विल्डबीस्ट, जिराफ यांनाही तिने सोडले नाही. मसाईंचे सारे जगणे गुरांवर होते, त्यात दुष्काळ आणि देवी यांची भर पडली. १८९२ मध्ये ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कर बाऊमान न्गोरोंगोरोतून गेला तेव्हा त्याला भेटले ते उपासमारीने सापळे झालेले लोक. माणसे आणि गुरे दोन्ही नाहीशी झाल्यावर चराई आणि वणवे थांबले, झुडपे माजली, झुडपांबरोबर त्सेत्से माशी पसरली आणि तिच्यामागून निद्रारोग आला. उरलेल्यांनाही परत वस्ती करणे अवघड झाले.

नेमक्या याच पोकळीत युरोपातून प्रशासक, शिकारी आणि छायाचित्रकार आले. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शेजारच्या केनियातून सुरू केलेल्या शिकारयात्रेत बापलेकांनी मिळून पाचशेहून अधिक मोठे प्राणी मारले. आजचे प्रवासी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि म्हैस या ज्या पाच नावांवर खुणा करत फिरतात ती यादीही शिकाऱ्यांच्या त्याच जगातून आली आहे. या मंडळींनी पाहिले ते वीसएक वर्षांपूर्वी रिकामे झालेले रान. ते नेहमीच रिकामे होते अशी त्यांची समजूत झाली. ती समजूत प्रामाणिक असेल, पण तिच्यावर पुढे कायदे उभे राहिले आणि सीमा आखल्या गेल्या. एखाद्याने साथीने ओस पडलेले गाव पाहावे आणि इथे कधी कोणी राहतच नव्हते असे दप्तरात नोंदवावे, तसा हा प्रकार होता.

बुळकांडीच्या गोष्टीला पुण्याचाही एक पदर आहे. हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यात, तिथल्या सायन्स कॉलेजात, सुरू झाली. चार वर्षांनी ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरच्या डोंगरावर हलवण्यात आली. तिथे १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमध्ये वाढवून लस तयार झाली. पण आफ्रिकेचे चित्र पालटले ते नैरोबीजवळच्या मुगुगा येथे १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लाउराइटने तयार केलेल्या लसीमुळे. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली जाऊ लागली आणि काही वर्षांतच विल्डबीस्टमधला रोग नाहीसा झाला. रानातल्या एकाही जनावराला सुई लावावी लागली नाही. २०११ मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असे भाग्य लाभलेला हा दुसराच रोग.

या लसीकरणाने नकळत एक प्रचंड प्रयोग घडवून आणला, आणि या प्रस्तावनेतला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास विल्डबीस्ट होते. १९७७ पर्यंत ते तेरा लाखांवर गेले. झेब्र्यांना बुळकांडी होत नाही, आणि या साऱ्या काळात झेब्र्यांची संख्या जवळपास होती तेवढीच राहिली. अँथनी सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशके केलेल्या मोजणीतून हा फरक इतका स्वच्छ दिसतो की शंकेला फारशी जागा राहत नाही. पुढची साखळीही तितकीच रंजक आहे. पाचपट तोंडे वाढली म्हणून गवत जास्त खाल्ले गेले. उभे वाळलेले गवत उरले नाही म्हणून दरवर्षी पेटणारे क्षेत्र घटले. वणवे कमी झाले म्हणून बाभळीच्या रोपांना डोके वर काढता आले. जिराफामागे दिसणारी ती छत्रीसारखी झाडी, जिच्याशिवाय सफारीचे एकही छायाचित्र पुरे होत नाही, तिच्यातली बरीच झाडे या अर्ध्या शतकात वाढलेली आहेत. बेर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून या रानाची पहिली मोठी हवाई गणती केली. जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाला धडकून ते विमान कोसळले आणि मायकेल त्यात गेला. या कामावरच्या त्यांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, आणि जगाच्या मनातली सेरेंगेटीची प्रतिमा मुख्यतः तिथून घडली. त्यांच्या गणतीत विल्डबीस्ट लाखाच्या आसपासच भरले. गणती काहीशी कमी भरली असली तरी जे रान त्यांनी शाश्वत म्हणून जगाला दाखवले, ते खरे तर एका आजारातून अजून न उठलेले रान होते.

१९५९ मध्येच सीमाही बदलल्या. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा मसाईंना तिथे राहण्याची मुभा होती. १९५८ मध्ये बारा मसाई वडीलधाऱ्यांनी पश्चिम सेरेंगेटी सोडण्याच्या करारावर अंगठे उमटवले, आणि १९५९ मध्ये उद्यानाचे दोन भाग झाले. सेरेंगेटी प्राण्यांसाठी, आणि ८,२९२ चौरस किलोमीटरचे न्गोरोंगोरो माणसे आणि प्राणी या दोघांसाठी. करार तेव्हा राज्य करणाऱ्या इंग्रजांच्या भाषेत, इंग्रजांच्या कायद्याने आणि इंग्रजांनी निवडलेल्या लोकांशी झाला होता, एवढे सांगितले की त्याच्या संमतीचे वजन लक्षात येते. न्गोरोंगोरोत जे वचन मिळाले तेही हळूहळू आटत गेले: १९७० च्या दशकात ज्वालामुखीच्या तळातून वस्त्या उठवल्या गेल्या आणि शेतीवर बंदी आली.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. हे रान माणसाने घडवले असे एकदा मान्य केले की सीमांची गरजच काय, असा युक्तिवाद करायला जमीन हवी असलेल्या कोणालाही मोकळीक मिळते. गव्हाचा शेतकरी, खाणवाला, रस्ते बांधणारे खाते, सगळेच इतिहासाचा दाखला देतील. ही भीती निराधार नाही. माराच्या ईशान्येला लोइटाची मैदाने आहेत, आणि तिथून मारात येणारी विल्डबीस्टची एक वेगळी, लहान फेरी होती. त्या मैदानांवर यांत्रिक गहूशेती आली, पुढे सामाईक जमिनींचे वैयक्तिक तुकडे पडले, तुकड्यांभोवती तारा उभ्या राहिल्या, आणि १९७० च्या दशकात लाखाहून मोठा असलेला तो कळप काही दशकांत एका लहान अंशावर आला. मारा नदी माउच्या जंगलातून उगम पावते. ते जंगल उद्यानाच्या कोणत्याच सीमेत नाही, त्याची तोड मात्र नदीला सोसावी लागते. २०१० मध्ये टांझानिया सरकारने उत्तर सेरेंगेटी ओलांडणारा व्यापारी रस्ता योजला होता. तो २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाच्या निकालाने अडला. तेव्हा सीमा हव्यातच. गुरे राखणारी वस्ती आणि तारांनी बंद केलेले गव्हाचे शेत हे दोन्ही ‘मानवी हस्तक्षेप’ म्हणून एकाच रकान्यात घालणे हाच मुळात गोंधळ आहे. पहिल्याबरोबर हे रान तीन हजार वर्षे नांदले, दुसऱ्याबरोबर ते तीस वर्षेही टिकले नाही. इतिहास बाजूला ठेवला की हा भेद पुसला जातो आणि कुंपणाबाहेर काढले जाणारे पहिले लोक तेच ठरतात ज्यांच्याकडून रानाला सर्वांत कमी धोका होता.

याला प्रत्युत्तर असे की आजचे मसाई १९५९ चे मसाई राहिलेले नाहीत. न्गोरोंगोरोत तेव्हा आठ-दहा हजार लोक होते, आता लाखाच्या घरात आहेत. त्यांना शाळा हवी, दवाखाना हवा, मोटारसायकल हवी. आकडे खरे आहेत. वस्तीबरोबर येणारे धोकेही खरे आहेत. १९९४ मध्ये आसपासच्या पाळीव कुत्र्यांतून आलेल्या डिस्टेंपरच्या साथीने सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. पण त्यावरचा उपाय काय निघाला? गावागावांत जाऊन कुत्र्यांना लस टोचण्याचा. बुळकांडीचा धडा तोच होता आणि तो उपयोगी पडला. उलट २०२२ मध्ये सेरेंगेटीला पूर्वेकडून लागून असलेल्या लोलिओंडोत सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन चराईला बंद करण्यासाठी खुणेचे दगड रोवले गेले तेव्हा पोलिस आणि गावकरी समोरासमोर आले, एक पोलिस मारला गेला, अनेक गावकरी जखमी होऊन सीमेपलीकडे केनियात गेले. त्याच वर्षी न्गोरोंगोरोतल्या कुटुंबांना टांगा प्रांतातल्या म्सोमेरा येथे हलवायला सुरुवात झाली. सरकार याला स्वेच्छेचे स्थलांतर म्हणते. मूळ ठिकाणच्या शाळा-दवाखान्यांचा निधी आटवल्यावर उरणाऱ्या इच्छेला स्वेच्छा म्हणावे का, हा वाद अजून न्यायालयांत आणि रस्त्यांवर चालू आहे. लोलिओंडोची तीच जमीन १९९२ पासून एका परदेशी शिकार कंपनीला दिलेली होती, हे लक्षात घेतले तर ‘प्राण्यांसाठी जागा मोकळी करणे’ या शब्दांवरचा विश्वास आणखी पातळ होतो.

मग जाऊच नये का? काही सुजाण मंडळी आता हेच म्हणू लागली आहेत, आणि विमानाच्या धुराचा हिशेबही पुढे ठेवतात. २०२० मध्ये महामारीने हा प्रयोगही करून दाखवला. प्रवासी थांबले, तसे रक्षकांचे पगार, माराभोवतालच्या जमीनमालकांचे भाडे आणि कॅम्पमधल्या नोकऱ्या एकदम अडचणीत आल्या. पर्यटनाशिवाय हे रान राखण्याचे दुसरे साधन आज या देशांपाशी नाही, एवढे त्या वर्षाने सिद्ध केले. पण त्याने दुसरीही गोष्ट दाखवली, जिच्याबद्दल पर्यटन व्यवसाय कमी बोलतो: एवढे मोठे रान एकाच खांबावर उभे करणे धोक्याचे आहे. शिवाय पैसा येतो म्हणून गाडी निरुपद्रवी होत नाही. मारातल्या चित्त्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी वर्दळीच्या भागातल्या मादीने सरासरी दोनहून अधिक पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवली, तर जास्त वर्दळीच्या भागात हा आकडा ०.२ च्या आसपास होता. चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्याही दिवसाच फिरतात. एका प्राण्याभोवती पाचहून अधिक गाड्या नकोत असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे ऑगस्टमधल्या कोणत्याही छायाचित्राच्या कडा पाहिल्या तर कळते. ड्रायव्हरला जवळ जायला लावणारा आवाज बहुधा मागच्या सीटवरून येतो. बक्षिसी त्याच सीटवरून मिळणार असते, त्यामुळे बिचारा नाही म्हणू शकत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आहे. आयुष्यभराची बचत खर्चून चार दिवस गेलेल्या माणसाला सिंह पाहू द्या, त्याच्या डोक्यावर साथी आणि करार कशाला? याला उत्तर एवढेच की माहिती नसली की दिसतेही कमीच. नदी ओलांडणाऱ्या कळपाचे दृश्य घ्या. काठावरच्या गाड्यांतून ते मगर विरुद्ध विल्डबीस्ट अशा झुंजीसारखे पाहिले जाते. मोजणी वेगळे सांगते. दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट मारा नदीत बुडून मरतात, बहुतेक गर्दीत आणि प्रवाहात. मगरी त्यातले थोडेसेच खातात. बाकीचे मांस मासे आणि गिधाडे नेतात, आणि हाडे वर्षानुवर्षे विरघळत नदीत फॉस्फरस सोडत राहतात. दक्षिणेच्या राखेतला कस असा जनावरांच्या पोटातून आणि हाडांतून उत्तरेच्या पाण्यात पोहोचतो. सिंहांचेही तसेच. वर्षभर एका जागी राहणाऱ्या सिंहांना फिरत्या कळपाचा पाठलाग करता येत नाही. म्हणून विल्डबीस्टच्या मृत्यूंत शिकाऱ्यांपेक्षा उपासमारीचा वाटा कितीतरी मोठा, सुमारे तीन चतुर्थांश, असतो. कळपाचा आकार जबड्यांपेक्षा कोरड्या ऋतूतला पाऊस ठरवतो. हे ठाऊक असलेल्या माणसाला सिंह न दिसलेला दिवसही वाया गेल्यासारखा वाटत नाही, कारण समोर गवत असते आणि गवतात वाचण्यासारखे पुष्कळ असते.

महाराष्ट्राशी याचे एक थेट नाते आहे, ते प्राण्यांपेक्षा दृष्टीचे. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतले माळही शास्त्राच्या हिशेबाने सॅव्हानाच आहेत. वसाहतकाळातल्या वनाधिकाऱ्यांना ते उजाड झालेले जंगल वाटले आणि सरकारी दप्तरात ते पडीक म्हणून चढले. मध्ययुगीन मराठी वाङ्मयातले झाडागवताचे उल्लेख तपासून अलीकडे संशोधकांनी दाखवले आहे की हे माळ निदान सातएकशे वर्षे असेच उघडे, काटेरी झाडांचे आहेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती धनगरांच्या चराईवरून झालेल्या वादात न्गोरोंगोरोतले बरेचसे शब्द ऐकू येतात. आफ्रिकेत माणसे काढून गवत वाचवले गेले. आपल्याकडे गवताला गवत म्हणून किंमतच नव्हती, त्यामुळे त्यावर झाडे लावली, कारखाने उभे केले आणि माळढोक गमावत आणला. दोन्हीकडे मूळ चूक एकच झाली: समोरचा माळ कशाने टिकला आहे हे विचारण्याआधीच त्याचे काय करायचे ते ठरवून टाकले.

प्रवाशाच्या हाती यातले फारसे काही नसते, पण अगदीच काही नसते असे नाही. माराच्या राखीव क्षेत्राभोवती २००५ नंतर मसाई जमीनमालकांनी आपापल्या जमिनी एकत्र करून भाड्याने दिल्या आणि त्यातून खासगी संरक्षित क्षेत्रे उभी राहिली. तिथे गाड्यांची आणि तंबूंची संख्या मर्यादित असते, ठरलेल्या वेळी गुरेही चरतात, आणि जमीनमालकाला महिन्याचे भाडे मिळते. ही व्यवस्था निर्दोष नाही. भाडे जमिनीच्या मालकाला मिळते, त्यामुळे ज्याच्या नावावर तुकडा नाही त्याच्या, म्हणजे बहुतेक बायकांच्या, हातात थेट काही पडत नाही. पण लोइटाच्या तारांना आतापर्यंत मिळालेले बरे उत्तर हेच आहे. मुख्य राखीव क्षेत्राचे परदेशी प्रवाशासाठीचे शुल्क २०२४ पासून जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर, आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत १०० डॉलर आहे. नदीकाठची गर्दी टाळून फेब्रुवारीत दक्षिणेला न्डुटूकडे जाणाऱ्याला लाखो वासरांचा हंगाम मिळतो, आणि कळप तिथे का जमतात याचे कारण त्याच्या पायाखालच्या राखेत असते. कॅम्प कोणाच्या जमिनीवर उभा आहे, तिचे भाडे कोणाला जाते आणि २०२० मध्ये ते दिले गेले का, हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम भरण्याआधी टूर कंपनीला विचारता येतात. उत्तर टाळणाऱ्या कंपन्या बऱ्याच निघतील. लेखी उत्तर देणाऱ्याही आहेत, आणि त्यांचे पॅकेज बहुधा थोडे महाग असते.